नीलूच्या वाट्या

मी या पेजवर नुसता वाचणारा. खरंखुरं घडलंय म्हणून लिहिणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलो. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची आहे. हसा. पण यातलं एक अक्षर खोटं नाही.

मी शिवमूर्ती. लातूर जिल्हा झाला त्याच वर्षीचा माझा जन्म. पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवतो. बायको उमादेवी, माहेर नांदेडकडचं, उमरीचं.

आम्हाला एक मुलगी होती. नीलांबिका. घरात नीलूच.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते साल. टँकर आला की घरातलं भांडं न् भांडं भरायचं. घागरी उमाकडे, बादल्या माझ्याकडे. वाट्या, पेले आणि डब्यांची झाकणं नीलूकडे. झाकणात किती पाणी मावणार? पण आठ वर्षांची पोर ओट्यावर लहान-मोठी रांग लावून सगळं काठोकाठ भरायची.

एका सकाळी तिच्या हातून भरलेली कळशी लवंडली. उमाने फाडकन एक ठेवून दिली.

त्याच दुपारी नीलूला ताप चढला.

चौथ्या दिवशी ती गेली.

त्या चापटीचा आणि तापाचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. उमाला ते अजून पटलेलं नाही.

घर खायला उठायचं. मग एका मित्राने घरांच्या अदलाबदलीचं सांगितलं. परदेशातलं एखादं जोडपं आपल्या घरात राहतं, आपण त्यांच्या. भाडं नाही, काही नाही. पहिल्यांदा पोर्तुगालला गेलो. तिथून निघताना उमा दारात थांबली. आत तोंड करून म्हणाली,

"नीलू, चल बाई. घरी जायचं."

ही माझ्या सासूबाईंची, सिद्धम्मांची सवय. परक्या गावाहून निघताना लेकराला नावाने हाक मारायची. नाहीतर त्याचा जीव तिथंच घुटमळतो म्हणे.

मी चिडलो. "लेकरू कुठं हाय आता?"

असं बोलायला नको होतं.

२०१९ च्या मे महिन्यात हॉलंडला गेलो. त्या घरची मारिके भूजलाचा अभ्यास करणारी. ती आणि तिचा नवरा दुष्काळी भाग बघायला आमच्या लातूरच्या घरी, आम्ही त्यांच्या घरी.

पहिली सकाळ. स्वयंपाकघरात गेलो, तर...

ओट्यावर सहा वाट्या. पाण्याने काठोकाठ भरलेल्या. लहान-मोठी रांग.

मला हसू आलं. लातूरकर कुठंही गेला तरी पाणी भरणारच.

"अगं, इथं चोवीस तास नळ हाय. कशाला भरून ठिवलीस?"

उमा माझ्याकडे वळली. "म्या न्हाई. मला वाटलं तुमी भरलाव."

दुसऱ्या सकाळी अकरा. वाट्या, कप, पेले. मी दार तपासलं, खिडक्या तपासल्या. सगळं आतून बंद. मोटारींच्या धंद्यात जन्म गेला माझा. पाणी आपोआप कुठं चढत नाही.

तिसऱ्या सकाळी...

रांगेच्या शेवटी डब्यांची झाकणं होती. तीही भरलेली.

उमा मटकन खाली बसली. "झाकणं कोण भरतंय, सांगा बरं?"



ओटा कोरडा होता. एवढ्या भांड्यांत एक थेंबही सांडलेला नव्हता.

उमा उठली. नळाजवळ जाऊन हळूच म्हणाली, "सांड गं माय. इथं लई पाणी हाय. कुणी मारत न्हाई तुला."

चौथ्या सकाळी मला जाग आली ती उमाच्या हसण्याने. ओट्यावरून पाणी ओघळत होतं. फरशीवर पाणीच पाणी, वाट्या पालथ्या पडलेल्या. त्या पाण्यात उमा फतकल मारून बसली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा हसत होती ती.

मी मात्र दारातच थांबलो.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. उमा उंबऱ्यात वळली, तोंड उघडणार... मी तिचा दंड धरला.

"चल, लोक बघायलेत. विमान सुटंल."

लोकांचं निमित्त होतं. खरं तर मला भीती वाटत होती. ती आमच्याबरोबर घरी येईल याची. माझ्याच लेकीची भीती.

उमाने हाक मारली नाही. लातूरपर्यंत माझ्याशी बोललीही नाही.

घरात आल्या आल्या तिने ओट्यावरून हात फिरवला. "आता घर खरंच रिकामं झालं," म्हणाली.

आठ दिवसांनी हॉलंडहून मारिकेचा मेसेज आला. आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी भांडी भरलेली असतात, तुम्हाला काही माहीत आहे का?

उमाने वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुमीच अडवलाव. आता तुमीच हाक मारा."

मी व्हिडिओ कॉल लावला. मारिकेला थोडक्यात सांगितलं. तिने काही न विचारता फोन ओट्याकडे वळवला. तीच रांग होती. शेवटी झाकणं. मी फोन तोंडाजवळ धरला.

"नीलू... बाळा, चुकलं माझं. चल, घरी ये."

पलीकडे मारिके रडत होती. तिला मराठीचं एक अक्षर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कळवलं. भांडी रिकामी होती. तेव्हापासून तिथं एकदाही काही भरलेलं नाही.

आम्ही पहाटेपासून आमच्या ओट्यापाशी उभे होतो. वाट्या कोरड्याच.

दुसऱ्या दिवशीही कोरड्या. महिन्यानेही.

उमा अजून रोज संध्याकाळी सगळ्या वाट्या, पेले आणि झाकणं मांडून ठेवते. सकाळी तशीच उचलते.

माझी हाक ऐकून ती तिथून निघाली, एवढं मला माहीत आहे. पण आठ वर्षांची पोर. एकटी. तिला लातूरचा रस्ता कोण दाखवणार?