डाव्या बाजूचं बोलणं

पहिल्याच दिवशी ती तोंडावर आपटायची, थोडक्यात वाचली. बातम्यांचं काम शिकवणाऱ्या संस्थेचा स्टुडिओ, जमिनीवर केबलींचं जाळं, आणि ही आपली सरळ चालत निघालेली. कुणीतरी दंड धरून मागे खेचलं.

"तीनदा ओरडलो, केबल, केबल म्हणून! ऐकायचंच नाही असं ठरवलंय का?"

"ओळख ना पाळख, आणि दंड धरायचं तुम्ही ठरवलंय का?" ती फणकारली.

तो हसला. बरा हसत होता मेला. वर्षानुवर्षं बातम्यांच्या स्टुडिओत कॅमेऱ्याशेजारी उभं राहून त्यानं निवेदकांना हातांच्या खुणांनी हाकलं होतं. आता त्याच खुणा इथल्या मुलांना शिकवायचा.

ती आवाजाची माणूस. जुन्या वाहिनीत सगळे तिला 'कान' म्हणत. माइकपाशी कुणाचं घड्याळ टिकटिकलं तरी हिला कळायचं. आता तोच कान दगा देत होता. डावा पार गेला होता, आणि उजवाही जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्यांचं काय जातंय सांगायला! म्हणून तिनं वाहिनी सोडली, शिकवायला आली, आणि कानाबद्दल चकार शब्द काढला नाही. बहिरी बाई आवाज शिकवणार म्हटल्यावर कोण ठेवून घेणार होतं? आणि आवाजाशिवाय तिच्याकडे दुसरं होतं तरी काय?

त्याला मात्र लगेच सुगावा लागला. तिच्या तासाला मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. डावीकडून कुणी प्रश्न विचारला, की गुपचूप बोट दाखवायचा.

"तुम्हाला स्वतःचे तास नाहीत का हो?"

"आहेत की. पण तिथं तुम्ही नसता."

ती चक्क लाजली. या वयात! तिनं स्वतःलाच दटावलं.

घरी जाताना तो नेमका तिच्या डावीकडून चालायचा. मध्येच त्याचे ओठ हलायचे.

"काय म्हणालात?"

"पाऊस येईल म्हणालो."

वर आभाळ लख्ख असायचं.

त्याची एक खूण मुलांची भारी लाडकी होती. दोन्ही मुठी जवळ आणायच्या आणि रबर ताणल्यासारख्या हळूहळू लांब न्यायच्या. तिचं नाव 'ओढ'. म्हणजे, वेळ आहे अजून, बोलत राहा.

मग एक दिवस सरावात माइकनं शिट्टी धरली. मुलांनी कान दाबले. ही फळ्यापाशी शांतपणे बोलतेच आहे... बारीक आवाज आता उजव्यातूनही निसटायला लागले होते. मुलांची तोंडं बघून तिला कळलं, तोवर कुणीतरी फिस्सकन हसलंही होतं.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. "सत्र संपेपर्यंत राहा," ते म्हणाले. "पुढचं... तुम्हीच समजून घ्या."

सामानाच्या खोलीत बसून ती ढसाढसा रडली. तो आला, शेजारी टेकला. डावीकडे. तिच्या गालाला त्याचा श्वास लागला.

"काय म्हणालात?"

"पाऊस येईल—"

"इथं खिडकी तरी आहे का?"

तो ओशाळला. उठून उजवीकडे आला. "पावसाचं नाही, रोज दुसरंच सांगतो. तिकडून तुम्हाला ऐकू येत नाही ना... म्हणून धीर होतो."

"मग आता इकडून सांगा. लवकर सांगा, हाही जायचाय."

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "फणकाऱ्यासकट."

"एकदम तू?" रडता रडता तिला हसू आलं. त्याच्या आवाजातला कंप, मध्येच गिळलेला आवंढा, सगळं तिनं जन्मभराच्या सवयीनं टिपून घेतलं. किती सुख झालं तिला! आणि लगेच भीतीही वाटली.

"आणि उजवा गेल्यावर रे? मग काय करशील?"

तो उठला. तिच्यासमोर जमिनीवर बसला. दोन्ही मुठी जवळ आणल्या आणि हळूहळू लांब नेऊ लागला. हात संपले, तरी थांबेना.

"अरे, खांदा निखळेल," ती म्हणाली.