रुमालाखालचा सुरा

लिलावाच्या आदल्या दिवशी त्या दुकानात कोणाचंच डोकं ठिकाणावर नसायचं. खाली दालनात माल मांडायचा, गिऱ्हाइकांनी तो उलटापालटा करून बघायचा, आणि वरच्या खोलीत थोरलीने राहिलेली चित्रं साफ करायची. तिची रीत बघून नवखा माणूस नाक मुरडायचा. बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि चित्रावरून हलकेच फिरवायचा. "थुंकीसारखं औषध नाही," ती म्हणायची आणि वर चहा विचारायची. घेणारे फार नसत.

दुकान तिच्या नवऱ्याचं. बोली पुकारताना छप्पर उडवणारा हा गृहस्थ घरी इतका मऊ, की झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढून बायकोला हाक मारी. दालन धाकटी सांभाळायची, थोरलीची बहीण. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. थोरलीनेच तिला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, आणि आता ती चांगली घोडी झाली तरी तिने रस्ता ओलांडला की थोरलीचा जीव खालीवर व्हायचा. दागिना पेटीत शोभत नाही, गळ्यात शोभतो, म्हणून माल बघायच्या दिवशी तो धाकटीच्या गळ्यात घालायचा, असा दुकानाचा शिरस्ता.

या खेपेचा सगळा माल एकाच घरातून आला होता. लाल खड्यांचा जड हार, जेवणाच्या टेबलावरची चांदी आणि एक भलं मोठं चित्र. चित्रात तेच टेबल, तीच चांदी. खुर्चीत एक बाई बसलेली, तिच्या गळ्यात तोच हार. मागे एक पुरुष उभा, उजव्या हातावर पांढरा रुमाल टाकून.

कापूस फिरवताच थोरलीने ओळखलं, रुमाल मागाहून रंगवलाय. मागाहून चढवलेलं उतरवायचं, मूळचं तेवढं ठेवायचं, यात ती बापाचंही ऐकत नसे. तिने रुमाल उतरवला. खाली मूठ होती आणि मुठीत मांस कापायचा लांब सुरा. दालनात मखमलीवर मांडलेला, चांदीच्या मुठीचा, तोच. खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला.

"अहो, या तरी, बघा काय सापडलंय."

नवरा आला. बराच वेळ बघत राहिला. "हे कशाला उघडलंस?"

"म्हणजे? खोटा होता तो रुमाल."

"कोणीतरी काहीतरी बघूनच झाकला असेल ना."

"तुमचं आपलं काहीतरीच. जा खाली, माणसं आली असतील."

तो गेला आणि थोड्याच वेळात खालून आरडाओरडा ऐकू आला. दोन हमाल, वर्षानुवर्षं एका डब्यातून जेवणारे. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर चांदीचं तबक हाणलं होतं, आणि लोकांनी ओढून काढेपर्यंत हाणतच राहिला होता. दात जमिनीवर पडले होते. का मारलंस, असं विचारलं तर म्हणाला, "त्याने काहीच केलं नाही हो," आणि ढसाढसा रडला.

धाकटीने तबक पुसून जागेवर ठेवलं आणि वर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, ते तबक गरम होतं गं. अंगासारखं."

थोरलीने तिचा हात धरला. "तो हार काढ आणि घरी जा."

"भावोजी म्हणतात, सगळे बघून जाईपर्यंत राहू दे."

"मी काढ म्हणते ना."

"काढते गं बाई. थोडीच गिऱ्हाइकं राहिलीत, त्यांना दाखवते नि काढते." ती खाली पळाली.

थोरली पुन्हा चित्राकडे वळली. मघाशी सुरा त्या पुरुषाच्या कमरेशी होता. आता तो बाईच्या खांद्याशी होता. आपलीच नजर चुकली असेल, असं म्हणत तिने मुठीवरून कापूस फिरवला आणि सवयीने पुन्हा जिभेला लावला. तो खारट लागला. बघते तर कापूस लाल.

खाली खुर्ची सरकली.

"भावोजी, काय करताय?" धाकटी अगदी साध्या आवाजात म्हणाली.

थोरली जिन्याच्या कठड्याशी धावली. धाकटी खुर्चीत होती. मागे नवरा. डाव्या हाताने त्याने तिचे केस धरले होते, उजव्या हातात सुरा होता. सोडवायला गेलेल्या हमालाचा गाल कानापर्यंत फाटला होता आणि तो खाली बसून स्वतःचं रक्त ओंजळीत धरत होता.

"अहो!"

त्याने वर बघितलं. तो रडत होता. "मला थांबता येत नाहीये गं," तो म्हणाला, आणि सुरा हाराखालच्या कातडीत शिरला.

जिना उतरायला वेळ नव्हता.

ती खोलीत परतली. रंग खरवडायचं पातं तिने उचललं आणि त्या पुरुषाच्या मनगटावर चालवलं. हळुवारपणा गेला चुलीत. रंगाच्या सालपटांनी तिची नखं भरली.

खालून किंकाळी आली. ती नवऱ्याची होती, हे तिला कळलं. ती खरवडत राहिली.

सुरा फरशीवर पडल्याचा आवाज झाला.

चित्रात खरवडलेल्या हाताखाली दुसरा हात होता. आधीच्याहून जुना, बारीक, बाईचा. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्या मुठीत काय आहे ते बघायला ती थांबलीच नाही.

खाली नवरा लोळत होता. त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून बोटांपर्यंत कातडी नव्हती. माणसं दाराकडे पळत होती. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, मान दाबून धरलेली, पण जिवंत. थोरलीला रडूच फुटलं.

"संपलं गं बाळा, संपलं सगळं. ये इकडे."

धाकटी आली नाही. ती भिंतीला आणखी चिकटली.

"ताई, आधी ते खाली ठेव."

थोरलीने आपल्या हाताकडे बघितलं. पातं हातातच राहिलं होतं.

"ठेवते हं," ती म्हणाली आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सोडवू लागली. एकही बोट हललं नाही, आणि पाय मात्र पुढे पडत होते.