एकविसावी पिशवी

खाणीत सोनं असतं, असं बाहेरच्यांना वाटतं. आत दगड असतो. त्यात सोनं किती, हे कळावं म्हणून नमुनेवाला रोज खोदाईच्या तोंडाशी जातो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारख्या अंतरावर छन्नीने कपच्या काढतो आणि पिशवीत भरतो. पिशवीत अर्धी चिठ्ठी टाकायची, अर्धी बुकात ठेवायची. चकाकणाऱ्या दगडाकडे हात वळू द्यायचा नाही. मोह आवरण्याबद्दल पगार देणारी ही बहुधा एकमेव नोकरी.

त्याला हे काम दादाने शिकवलं होतं. दादाही नमुनेवालाच. चिठ्ठीवर शेऱ्याच्या रकान्यात दगडाचं वर्णन लिहायचं असतं. दादा तिथे वर्षानुवर्षं एकच लिहीत आला, 'छन्नी बोथट झाली. नवीन पाठवणे.' भांडारवाल्याने ती कधी पाठवली नाही. अकरा वर्षांपूर्वी सात नंबरचा बोगदा बसला, तेव्हा दादा, ती छन्नी आणि चिठ्ठ्यांचं बुक आतच राहिलं.

आता नवी खोदाई नेमकी त्या बोगद्याकडे सरकत होती. अडतीस मीटर उरले होते. पण दगडात टनामागे तीन ग्रॅम लागले, तरच पुढे जायचं. सलग पाच दिवस कमी आले, तर सिमेंटचा भराव घालून कायमचं बंद. माणूस शोधायला खोदतोय, असं लिहायला कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता.

वहिनी रोज ताट वाढताना विचारायची, "किती राहिलं, भाऊजी?" तो आकडा सांगायचा. ती मान हलवायची. बास, एवढंच.

चार दिवस दोन ग्रॅमच्या आतबाहेर गेले. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. बाई निवृत्तीला टेकलेल्या. वजनकाट्याशिवाय कशावर विश्वास नाही.

"वीस लिहिल्यात, एकवीस आल्यात. मोजता येतं ना अजून?"

एकविसावी पिशवी जाड कापडाची होती. तशा पिशव्या बंद होऊन दहा वर्षं झाली होती. आतली चिठ्ठी ओलसर, अक्षर पेन्सिलीचं. तोंडापासून अंतर, अडतीस मीटर. शेरा, 'छन्नी बोथट झाली. नवीन पाठवणे.'

कुणीतरी चेष्टा करतंय, असं तो म्हणाला.

"असेल," बाई म्हणाल्या. "पण चेष्टा नऊ ग्रॅमची आहे."

पाचव्या दिवशी त्याने पिशव्या तीनदा मोजल्या, स्वतः बांधल्या, स्वतः वर आणल्या. निघण्याआधी भिंतीला कान लावला होता. पाणी ठिबकत होतं. एका लयीत ठिबकत होतं, आणि त्याने श्वास रोखला की थांबत होतं.

टेबलावर एकवीस निघाल्या. अंतर, एकतीस मीटर. पुन्हा नऊ ग्रॅम.

बाईंनी नोंदवही त्याच्यापुढे सरकवली आणि उगाचच खिडकीबाहेर बघत बसल्या. त्या दिवशीच्या विसांची सरासरी पावणेतीन आली होती; एकविसावी धरली असती तर ती कशीबशी तिनावर जात होती. पण बुकात ज्याची अर्धी चिठ्ठी नाही, तो नमुना आपला नाही, टाकून द्यायचा; हा नियम त्याला दादानेच शिकवला होता, तोही डोक्यात टपली मारून.

त्याने वीसच लिहिल्या.

भराव दोन दिवसांत भरून झाला. तोंडावर भिंत बांधली.

"तुम्हीच लिहिलंत?" वहिनीने विचारलं.

"जे होतं ते लिहिलं."

"ह्यांनीही तेच लिहिलं असतं," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने किती राहिलं, हे विचारलं नाही.

महिन्याभराने बाईंचा निरोप आला. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. कापडी पिशवी नुसती पुढे केली.

आत दगड नव्हता. करड्या सिमेंटच्या कपच्या होत्या. सारख्या आकाराच्या, सारख्या अंतरावरून काढलेल्या.

चिठ्ठीवर, भिंतीपासून अंतर, चार मीटर.

शेरा तोच होता. फक्त शेवटी दादाने आजवर कधी न लिहिलेला एक शब्द होता.

'छन्नी बोथट झाली. नवीन पाठवणे. लवकर.'