राहिलेली पाठवणी

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. खाडीवरचा वारा पडलेला, त्यामुळे जूचंद्रच्या डोंगरापासून नायगाव स्टेशनापर्यंत धुकं जे बसलं ते दहा वाजले तरी उठेना. दुपारी ऊन पडलं, तेही फिकं. संध्याकाळी परत गारठा आणि पत्र्यावर दव. तसा साधाच दिवस होता.

पोरांनो, जरा जवळ बसा. प्रितेश, तो मोबाईल उपडा ठेव. कल्पेशने नायगावची खोली का सोडली, हे तुम्ही मला दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी टाळलं. आज सांगतो. गोष्ट कल्पेशची आहे. थोडी माझीही असेल, ती शेवटी कळेल.

कल्पेश माझा पुतण्या, काशिनाथचा मुलगा. काशिनाथ करोनात गेला, तेव्हापासून घर या पोराच्या डोक्यावर. नायगाव पूर्वेला नव्या बिल्डिंगीत चौथ्या माळ्यावर एक खोली भाड्याने घेऊन तो गाणी रेकॉर्ड करायचा. हळदीची, पालखीची, कोणाच्या वाढदिवसाची. बहिणीचं, हेमांगीचं, लग्न बावीस तारखेला होतं. आणि त्याच्या मनात एकच होतं, की हळदीला धोंडूआत्याचे धवले गायले गेले पाहिजेत.

धोंडूबाई माझी थोरली बहीण. मी तिला बाय म्हणायचो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण आवाज असा की मांडवातला कुत्रासुद्धा बसून ऐकायचा. धवलारीण होती ती, लग्नाची गाणी गाणारी. आमच्याकडे भटजी उशिरा आला तर लोक चहा घेतात, धवलारीण उशिरा आली तर हळद थांबते. तिची रीत आमच्या आईकडून आलेली. हळदीच्या रात्री आधी बोलावणी गायची. घरातले जे गेले, त्यांचं एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला जेवायला या म्हणून बोलवायचं. आणि पहाट व्हायच्या आत पाठवणी गायची. तीच नावं, त्याच क्रमाने. जेवलात, आता आपल्या घरी जा. आई म्हणायची, बोलावलेला पाहुणा पाठवला नाही तर तो बसून राहतो, आणि निघतो तेव्हा एकटा निघत नाही.

बायचं कंबरेचं हाड मोडलेलं. मांडवात रात्रभर बसणं होणार नव्हतं. म्हणून कल्पेशने ठरवलं की तिचा आवाज आधीच भरून घ्यायचा आणि हळदीला स्पीकरवर लावायचा. मला सांगितलं, काका, आत्याला रिक्षाने घेऊन या. मी आणली. त्या दिवशी तिची एकादशी होती, पोटात फक्त चहा.

आता ते मशीन कसं होतं ते सांगतो, मला समजलं तेवढं. पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या. एका आवाजाला एक पट्टी, तो तिला ट्रॅक म्हणायचा. प्रत्येक पट्टीच्या आपल्या खिडक्या, त्याला प्लगइन म्हणे. एका खिडकीतून आवाजातली घरघर काढायची, दुसरीतून घुमारा घालायचा. मी अंगठा उठवणारा माणूस, पण जन्म मिठागरात गेला. मला ते वाफ्यांसारखं वाटलं. शेजारी शेजारी वाफे, प्रत्येकाला पाणी सोडायची आपली फळी, आणि कुठली फळी उघडी राहिली ते ध्यानात ठेवायचं. कल्पेशला तसं म्हटलं तर हसला. म्हणाला, काका, तुम्हाला कामावर ठेवतो. मग त्यानेच सांगितलं की काम झालं की खिडकी मिटायची असते, नाहीतर पडदा भरतो आणि खाली कुठली पट्टी आहे ते दिसत नाही.

बायने बोलावणी गायली. सात नावं. आजा, आजी, बाप, आई, दोन चुलते, आणि शेवटी काशिनाथ. काशिनाथच्या नावाला कल्पेशने मान खाली घातली. पूर्वी तीन-चार धवलारणी मिळून गायच्या, आता एकटी बायच उरलेली. म्हणून त्याने काय केलं, सातही नावं कापून वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवली. प्रत्येक नावाला वेगळी खिडकी, वेगळा घुमारा. सगळी एकदम वाजली की सात बाया गातायत असं वाटेल, म्हणाला. वाटलंही. बायने मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

पाठवणी सुरू करणार, तेवढ्यात समोरच्या सोसायटीत कोणाच्या तरी हळदीचा डीजे लागला. आठ वाजले होते, दहापर्यंत तो थांबणार नव्हता. खिडकीच्या काचा हलायला लागल्या. कल्पेश म्हणाला, "आत्या, माईकमध्ये सगळा डीजे येतोय. उरलेलं उद्या करू."

बाय खुर्चीतून हलेना. म्हणाली, "बोलवलाय मी त्यांना. पाठवल्याबिगर उठू कशी?"

कल्पेशने समजावलं की हे खरं लग्न नाही, नुसतं रेकॉर्डिंग आहे. तरी ती बसून. मग मी बोललो. माझा गुडघा दुखत होता, थंडी वाजत होती. मी म्हटलं, बाय, चल, उशीर झाला, उद्या परत आणतो तुला. माझं तिने कधी मोडलं नाही. उठली.

रिक्षात ती अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसली. मी म्हटलं, एवढी जागा आहे, नीट बस. तर म्हणाली, "त्यांना बसू दे, नथू."

 घरी पोचल्यावर पाणीसुद्धा नको म्हणाली. गुरुवारी पहाटे सून उठवायला गेली तर... संपलं होतं सगळं.

बाय दिल्या घरची, म्हणून आमच्याकडे सुतक मोजकं. लग्न पुढे ढकललं नाही. कल्पेशने ठरवलं, आत्याची बोलावणी तरी वाजवायची. रोज रात्री लग्नाची कामं आटोपली की खोलीवर जाऊन बसायचा. डीजे दहाला बंद होतो, नंतरच शांतपणे ऐकता येतं.

आणि इकडे घरी हेमांगी जेवेना. ताट वाढलं की म्हणायची, एवढी माणसं बघत असताना घास कसा घेऊ. वहिनी, हेमांगीची आई, विचारायची, कोण माणसं? तर भिंतीकडे बघायची. ताप नाही, रक्ताचा रिपोर्ट चांगला. डॉक्टर म्हणाले, लग्नाचं टेन्शन. पण पाच दिवसांत पोरगी अशी वाळली की चोळीला दोनदा टाके घालावे लागले. एकदा तिने मला हळूच सांगितलं, काका, रात्री ओळीने बसतात. त्यातला शेवटचा पप्पांसारखा खोकतो.

मी काय समजायचं ते समजलो. पण बोललो नाही. कोणाला सांगणार? निधी आत्ता तोंड दाबून हसते आहे, तसेच सगळे हसले असते.

मंगळवारी रात्री साडेबाराला कल्पेशचा फोन.  म्हणाला, काका, खिडक्या मिटत नाहीत. मी मिटतो, पाण्याची बाटली भरून येतो, सातच्या सात परत उघड्या. आधी वाटलं माऊस बिघडला. माऊस काढून ठेवला. तरी उघड्या. स्पीकरची वायर उपसली तरी पट्ट्यांवरचे हिरवे दिवे खालीवर होतात, कोणी बोलत असल्यासारखे.

मी विचारलं, सात ना?

 तो म्हणाला, आठ. सात खिडक्या बाजूला सरकवल्या तेव्हा खाली दिसली. मी केलेली नाही. तिच्यावर नाव नाही.

शुक्रवारी, वीस तारखेला, हळदीच्या आदल्या रात्री मी त्याच्याबरोबर खोलीवर गेलो. दुसरा इलाजच नव्हता. पाठवणी येणारी बाय गेलेली. उरलो मी. लहानपणी आईच्या मांडीवर आणि पुढे बायच्या मागे कंदील धरून मी ती शंभर वेळा ऐकली होती. पुरुषाने धवला गायचा नसतो. पण हेमांगीचं तोंड डोळ्यांपुढून जाईना.

खोलीत शिरलो. पावणेअकरा. कल्पेशने पंखा बंद केला. पडद्यावर सात खिडक्या एकीवर एक रचलेल्या, त्यांच्या मागून आठवीची कड दिसत होती. हिरवे दिवे जाग्यावर होते. मी खुर्चीत बसलो आणि ते एकदम वर गेले. सगळे. जसं मांडवात कोणी आलं की माणसं माना वर करतात.

कल्पेशने माझ्या कानावर हेडफोन ठेवला. आत गाणं नव्हतं. श्वास होते. खूप जणांचे.

मी डोळे मिटले. आवाज फाटका माझा. तरी लावला. जेवून झाला, पान खाल्ला, वाट तुमची मोकळी... आणि आज्याचं नाव घेतलं.

कानातला एक श्वास थांबला.

डोळे उघडले. एक खिडकी मिटलेली. कल्पेशचे दोन्ही हात मांडीवर होते.

आजीचं नाव घेतलं. मिटली.

बाप. मिटली. आई... आईला जरा वेळ लागला. मिटली.

दोघे चुलते.

मग काशिनाथ. कल्पेश पडद्याकडे बघत होता. मी नाव घेतलं तसा त्याने हात पुढे केला, खिडकी धरून ठेवायची असल्यासारखा. कानात खोकला आला. एकदाच. खिडकी मिटली. पोराने हात तसाच काचेवर ठेवला.

आता एकच उरली.

ती पडद्यावर मधोमध. रिकामी. नुसता एक हिरवा दिवा... वर, खाली. वर, खाली. म्हातारं माणूस जिना चढून आलं की दम खातं, तसा.

मला पुढची ओळ येत होती. नाव तेवढं घालायचं होतं. जेवून झाला... पण ती जेवली कुठे होती? एकादशी होती तिची. पाणी न पिता गेली.

कानात ती गुणगुणली. लहानपणी मी ओळ विसरलो की गुणगुणायची, तशी. मला आठवावं म्हणून. "हां... म्हण, नथू."

मी तोंड उघडलं.

आठच दिवस झाले होते तिला जाऊन. घरी चल, उद्या परत आणतो, असं मीच सांगितलं होतं. आणि आता मीच म्हणायचं, जा...

नाही आलं तोंडातून.

ती थांबली. मी थांबलो. हिरवा दिवा तिथेच.

शेवटी मी हेडफोन काढून ठेवला. कल्पेशने भिंतीतली पिन उपसली. पडदा काळा झाला. 

सकाळी हेमांगीने दोन भाकऱ्या मागून खाल्ल्या. हळद लागली, लग्न झालं, पोरगी सुखात आहे, तुम्ही बघताच. कल्पेशने मशीन विकून टाकलं, खोली सोडली आणि विरारला नोकरी धरली. गाण्याचं नाव काढत नाही. मी मनाला समजावलं की सात गेले, पोर वाचली, आता संपलं. दिवस गेले तशी झोपही लागायला लागली.

त्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे राहिली होती. मालकाचा निरोप आला की शेजारी आशालताबाईंकडे देऊन जा. त्या चिपळूणच्या, रोज चर्चगेटला नोकरीला जातात. आमच्या घरातलं त्यांना काही ठाऊक नाही. माझं नावही माहीत नाही, मला काका म्हणतात.

आज संध्याकाळी गेलो होतो. पण किल्ली देऊन आलो नाही. ही बघा, खिशातच आहे. उद्या रात्री मला तिकडे कोण सोडेल ते आत्ताच सांगा. आणि निधी, एक भाकरी आणि तांब्याभर पाणी बांधून दे.

मी किल्ली पुढे केली तेव्हा आशालताबाई दारातच उभ्या होत्या. आवाज बारीक करून म्हणाल्या, "काका, खोली रिकामी केलीत ना? मग आत त्या आजी कोण आहेत हो? रोज रात्री दाराच्या आतून विचारतात, नथू आला का. आता हा नथू कोण, मला काय माहीत. पण म्हातारं माणूस आहे, म्हणून मी आपली सांगते, येतील उद्या."