अकरा सेंटिमीटर

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, नबीलने एका जुन्या सायकलच्या सीटची दांडी करवतीने कापली.

बरोबर अकरा सेंटिमीटर.

यात पदरचं काही घातलेलं नाही. मापं नबीलच्या वहीतली आहेत आणि पुढचे कागद हॉस्पिटलचे. ज्याला पटायचं त्याला पटेल.

नबील चौदा वर्षं दोह्याच्या एका वर्कशॉपमध्ये होता. बायको गेली तेव्हा कायमचा परत आला. घरात दोघंच, तो आणि अठरा वर्षांची इकरा. जुन्या सायकली खोलायच्या, घासायच्या, नव्या करायच्या, हा त्याचा नाद.

ही सायकल समोरच्या घरातल्या फरीदाचाचीची. म्हणजे तिच्या नवऱ्याची, गनीची. हिरवी, दहा गिअरची, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल असलेली रेसिंग सायकल. चौऱ्याऐंशी साली गनीने ती कुवेतहून आणली. एक्क्याण्णवला तो पुन्हा जहाजावर चढला, तो आलाच नाही.

मय्यतही आली नाही.

चाचीने सायकल चौतीस वर्षं जपली. नजर गेल्यावरही दर शुक्रवारी ती पुसायची. पुसून झालं की सीटला खेटून उभी राहायची. गनी ताडमाड माणूस. सीट नेमकं तिच्या कोपराला लागायचं. लागलं की म्हणायची, "हाय. जागेवर हाय."

ऑगस्टमध्ये तिने नबीलला बोलावलं.

"गंज खातोय रे तिला. हाताला लागतो. गनी बसायचा तशी करून दे."

"नवी कोरी करतो, चाची."

"नवी नको. त्याची कर."

"कबूल."

नबीलने सायकल सुटी केली. गंज घासला, चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, नव्या तारा भरल्या. हिरव्या रंगाखालची फ्रेम उघडी पडली तेव्हा तो बघतच राहिला. पिसासारखी हलकी. इतक्या वर्षांत एक चीर नाही.

इकराने ती एका बोटावर उचलली.

"अब्बा, ही चाचीच्या पडवीत उभी राहणार? नुसती पुसायला?"

१४ डिसेंबरला जिल्ह्याची सायकल शर्यत होती. इकरा दोन वर्षं तिच्यासाठी घाम गाळत होती, तीही घरच्या जड सायकलवर.

नबीलने विचार केला. चाचीला दिसत नाही. ती फक्त हात लावणार.

त्याने भंगारातली एक साधी सायकल उचलली. तिच्यावर गनीचं हँडल चढवलं. गनीचं चामड्याचं सीट बसवलं. टेपने मापून सीट चाचीच्या कोपराएवढं वर घेतलं, आणि २४ ऑक्टोबरला ती सायकल चाचीच्या पडवीत नेऊन उभी केली.

चाचीने हँडल चाचपलं. सीटवर गाल टेकला. मग पायडल उलटं फिरवून बराच वेळ आवाज ऐकला...

"बरी केलीस," ती म्हणाली.

एवढंच.

नबील हसत घरी आला. खऱ्या फ्रेमला काळा रंग, सरळ हँडल, नवं सीट. जुनं फक्त दोनच उरलं. फ्रेम आणि सीटची दांडी.

इकराच्या मापाने त्याने सीट अकरा सेंटिमीटर खाली घेतलं आणि बोल्ट आवळला.

मंगळवारी दुपारी तो नमाज पढून आला. सायकल तशीच भिंतीला टेकलेली.

सीट वर होतं.

"इकरा, सीट कशाला वर केलंस?"

"मी? तेवढं वर केलं तर माझे पाय तरी पोचतील का, अब्बा?"

त्याने टेप लावला. गनीची उंची. मिलिमीटरचा फरक नाही.

बोल्ट आवळलेलाच होता...

गुरुवारी पुन्हा. शनिवारी त्याने सीट परत खाली घेतलं, बोल्टपाशी दांडीवर खडूने रेघ मारली, खोलीला कुलूप लावलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. तासाभराने आतून आवाज आला. टिक्... टिक्... टिक्... चाक सुटं फिरावं तसा.

त्याने दार उघडलं.

आवाज बंद. चाक स्थिर. खडूची रेघ बोल्टच्या अकरा सेंटिमीटर वर.

आणि नव्या सीटवर खळगा... कुणी बसून नुकतंच उठावं तसा.

सायकल चाचीला परत देता आली असती. अजून वेळ होता.

त्याऐवजी रविवारी त्याने करवत घेतली. दांडी खालून अकरा सेंटिमीटर कापायची. मग ती वर चढली तर निघूनच येईल, फ्रेममध्ये राहणार नाही. हिशेब चोख होता.

अर्धी कापून झाली तेव्हा समोरून चाचीची हाक आली.

"नबील... काय कापतोस?"

"पाइप हाय, चाची."

त्याने करवत पुन्हा चालवली.

"हळू काप रे. किती ओरडतोय तो."

नबीलला करवतीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्याने तुकडा नट-बोल्टच्या डब्यात टाकला. त्यानंतर सीट हललं नाही.

पाच दिवस.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी पावणेसात. इकरा सरावाला निघाली होती. जेट्टीच्या रस्त्यावर समोर बर्फाचा ट्रक रिव्हर्स घेत होता. इकराने ब्रेक दाबले. सायकल थांबली. पाय खाली टेकवायचा म्हटलं तर...

शुद्धीवर आल्यावर तिने हेच सांगितलं. "अब्बा, पाय पोचलाच नाही. सीट वर होतं."

ती ट्रकच्या बाजूला कलली. उजव्या मांडीवरून चाक गेलं.

सायकलला ओरखडाही नव्हता. सीट खालीच होतं.

हाडाचा चुरा झाला होता. चार ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण चुऱ्याचं हाड काढून टाकावं लागलं. पाय आखूड झाला.

३ फेब्रुवारीला उंच टाचेचा बूट बनवणाऱ्या माणसाने दोन्ही पाय मापले. कागदावर फरकाचा आकडा लिहिला.

नबीलने तो वाचला.

अकरा.

शुक्रवारी, ६ फेब्रुवारीला, तो काळी सायकल ढकलत चाचीच्या पडवीत गेला. 

"आणलीस?" चाची म्हणाली.

"तुला... माहीत होतं?"

"पायडल फिरवलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस, चाची?"

"मी कशाला बोलू? ज्याची हाय, तो बोलेल."

तिने फडकं घेतलं. फ्रेम पुसली, दांडी पुसली. मग नेहमीसारखी खेटून उभी राहिली.

"हाय," ती म्हणाली. "जागेवर हाय."

सीट तिच्या कोपराला लागलं होतं.

नबीलने टेप लावला. गनीची उंची. त्याने सीट हलवून पाहिलं. घट्ट. कापलेली दांडी एवढ्या वर फ्रेममध्ये राहणं शक्य नाही. खाली अकरा सेंटिमीटर काहीतरी जोडलेलं असायला हवं.

कापलेला तुकडा अजून नबीलच्या डब्यात आहे.

सायकल चाचीच्या पडवीत आहे. दर शुक्रवारी ती पुसली जाते. पुसताना इकराची मांडी ठणकते, चाची थांबली की थांबते.

दांडी फ्रेममधून बाहेर काढून अजून कुणी पाहिलेली नाही.