बटाटे सोलून झाले

प्रेमाला भाषा लागत नाही. पाळकसाहेबांनी हे वाक्य प्रार्थनेच्या हॉलमध्ये, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून उच्चारलं. आणि दुभाषीने ताबडतोब त्याचं भाषांतर केलं, कारण समोर बसलेल्या मुलांना ते कळलं नव्हतं.

पाळकसाहेब समुद्रापलीकडून कॉलेजच्या मुलामुलींची तुकडी घेऊन आले होते. अशा तुकड्या या बालगृहात वर्षभर येत. दोन आठवडे राहत, येशूच्या गोष्टी सांगत, गाणी शिकवत, भिंती रंगवत, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढत आणि हमसून हमसून रडत परत जात. दुभाषी इथेच लहानाची मोठी झाली होती. तिची मावशी इथल्या स्वयंपाकघरात होती आणि आईबापांमागे भाची तिच्याच पदरी पडली होती. भाचीने कॉलेजात परकी भाषा घेतली, आणि आता ती पाहुण्यांचं मुलांना अन् मुलांचं पाहुण्यांना सांगायची. म्हणून मुलं तिला पोपटताई म्हणत.

भाषांतर संपतंय न संपतंय तोच मागचं बुटकं दार उघडलं. उशिरा आलेला एक लांबलचक मुलगा आत शिरला, चौकटीवर कपाळ आपटलं, आणि आपल्या भाषेत एक छोटासा शब्द बोलला. हॉल चिडीचूप झाला.

"पोपटताई, तो काय म्हणाला?" पहिल्या रांगेतल्या मुंगीने विचारलं. मुंगी सहा वर्षांची होती आणि तिला सगळ्याचं उत्तर लागायचं.

"देव तुमचं भलं करो, म्हणाला."

"तुमचंही भलं होवो!" मुलं एका सुरात ओरडली.

तो कपाळ चोळत दुभाषीजवळ येऊन बसला. "मी नक्की काय बोललो?"

"आशीर्वाद दिलास."

"मला वाटलं, मी शिवी दिली."

"भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतं."

तो हसला... आणि ही गोष्ट इथेच थांबली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

त्याच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' एकच होते. त्यामुळे तो आपल्याला नेमकं काय म्हणतोय, हे दुभाषीला स्वतःच ठरवावं लागलं. तिने 'तू' ठरवलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात इथली. संशय आला की ती आपल्या बाजूने भाषांतर करू लागली.

मुलांनी त्याला शिडी हे नाव दिलं, कारण तो स्टुलाशिवाय दिवा बदलायचा. तिसऱ्या दिवशी शिडीने हरवलेल्या मेंढीची गोष्ट सांगितली. मेंढ्या मोज्यांच्या होत्या. एक मेंढी हरवते, मेंढपाळ बाकीचा कळप माळावर सोडतो, तिला शोधून खांद्यावर घेऊन येतो. मोज्याची मेंढी शिडीच्या खांद्यावर बसली, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि तोपर्यंत बाकीच्यांजवळ कोण होतं?" मुंगीने विचारलं.

दुभाषीने प्रश्न जसाच्या तसा पोचवला. शिडी मोज्याकडे बघत राहिला. पाळकसाहेब खाकरले.

"तिला सांग," तो हळूच म्हणाला, "मला माहीत नाही."

दुभाषीने आजवर कितीतरी तुकड्यांची भाषांतरं केली होती. हे वाक्य तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं. सांगताना तिचा आवाज किंचित घसरला — आणि हे एकाच माणसाच्या लक्षात आलं. तो तिच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला तेव्हा गच्चीवर चादरी वाळत होत्या. दोघंही धावले. ओल्या चादरींच्या रांगांमधून कधी त्याचा हात दिसायचा, कधी नुसतं कपाळावरचं टेंगूळ.

"तू सगळ्यांचं बोलतेस," चादरीपलीकडून तो म्हणाला. "तुझं कोण बोलतं?"

"माझं बोलण्यासारखं काही नसतं."

"हे खरं, की भाषांतर?"

चादर दोघांनी दोन टोकांना धरली होती. घडी घालायची म्हणजे जवळ यावं लागतं, त्याला इलाज नाही. घडी झाली. तिने टोक सोडलं नाही, त्यानेही नाही...

"तुझ्या भाषेत," त्याने विचारलं, "'मला तू आवडतेस' कसं म्हणतात?"

दुभाषीच्या केसांतून पाणी गळत होतं. तिने अगदी गंभीरपणे सांगितलं, "बटाटे सोलून झाले."

त्याने ते तिथल्या तिथे पाठ केलं. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात वाकून उभा राहिला, दुभाषीकडे डोळे लावले आणि हृदय ओतून म्हणाला, "बटाटे सोलून झाले."

"कुठे झाले?" मावशीने वळून पाहिलं. "अर्धं पोतं बाकी आहे! याला सांग गं, फुकट बाता नकोत, बस म्हणावं खाली."

दुभाषी हसून हसून भिंतीला टेकली. खरा अर्थ कळल्यावर तोही हसला, आणि खाली बसून जेवणाच्या घंटेपर्यंत बटाटे सोलत राहिला. त्यानंतर ते वाक्य दोघांचंच झालं. प्रार्थनेच्या रांगेत, रंगाच्या डब्यावरून, मुलांच्या डोक्यांवरून तो नुसते ओठ हलवायचा. ती खाली बघायची.

मावशी सगळं बघत होती. "जाणारं पाखरू आहे ते," एका संध्याकाळी ती म्हणाली. "माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा परत फोन आला होता. बंदरावर बोटींची घोषणा करायला दोन भाषांची मुलगी हवीय. राहायला खोली आहे. सोमवारी कळवायचंय."

"बघते."

"बघायचंय काय त्यात? इथे जो येतो तो जातो. एकदा तू तरी जा."

दुभाषीने हे शिडीला सांगितलं. मावशीचं शेवटचं वाक्य मात्र गाळलं.

"बंदरावर गेलीस," तो भिंतीला निळा रंग फासत म्हणाला, "तर मी इथे येऊन शोधू कुणाला?"

तो हे रंग फासता फासता म्हणाला होता. हे तिने लक्षात घ्यायला हवं होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी तुकडीला गोळा केलं. मुलांना परत येण्याचं वचन कुणीही द्यायचं नाही, कोवळी मनं असतात. निरोप मात्र त्यांच्याच भाषेत घ्यायचा. त्यांनी दुभाषीला शब्द विचारला.

"येतो," ती म्हणाली. "मुलींनी 'येते' म्हणायचं."

"अर्थ?"

"निघतो."

बाकीचे उच्चार घोकत पांगले. शिडी मागे राहिला. "पण परवा तर तू सांगितलंस, 'येतो' म्हणजे येतो."

"तेच. आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत."

"मग ज्याला खरंच परत यायचंय, तो काय म्हणतो?"

"तोही 'येतो'च म्हणतो."

"मग कळायचं कसं?"

"तो आला की कळतं."

सकाळी बस लागली. तुकडी रडली, पाळकसाहेब रडले, एक मुलगी तर इतकी रडली की मुलांनीच तिला पाणी आणून दिलं. मुलं रडली नाहीत; त्यांना सवय होती. शिडी सगळ्यात शेवटी बसकडे आला. दुभाषी बटाट्यांच्या वाक्याची वाट बघत होती. त्याने तिचा हात हातात घेतला. थंड होता... त्याचा की तिचा, ते कळलं नाही.

"येतो," तो म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला, "येतो. हं?"

आणि जिने हा शब्द इतक्या लोकांना शिकवला, इतक्यांना त्याचा अर्थ 'निघतो' म्हणून सांगितला, तिने या एका खेपेला तो शब्दशः घेतला. थट्टा सोडून त्याने खरा शब्द वापरला, एवढंच तिला दिसलं.

बसच्या दारात त्याचं कपाळ पुन्हा आपटलं. या वेळी तो काही बोलला नाही.

"तुला काय म्हणाला?" मुंगीने तिचा हात ओढला.

"येतो म्हणाला."

"मग गेला," मुंगी म्हणाली आणि खेळायला पळाली.

सोमवारी दुभाषीने बंदरावर नाही म्हणून कळवलं. मावशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते न बोललेलं बरं होतं.

सुरुवातीला त्याचे मेसेज यायचे. बर्फाचा फोटो, परीक्षा, आईचा वाढदिवस. मग नुसते अंगठे. मग काही नाही. भिंतीवरचा निळा रंग पुढच्या तुकडीने पिवळा केला, त्यापुढच्या तुकडीने हिरवा. गच्चीवर चादरी आता ती एकटीच काढायची. दोन टोकं हनुवटीखाली दाबली की घडी एकटीला जमते. वळणावर हॉर्न वाजला की तिचं लक्ष आधी बसच्या दाराच्या वरच्या चौकटीकडे जायचं. तिथे कुणाचं डोकं पोचत नव्हतं.

शेवटी एका दुपारी, स्वयंपाकघरात बसल्या बसल्या, लाज सोडून तिने त्याला लिहिलं: 'येतो म्हणाला होतास.'

उत्तर लगेच आलं. 'आठवतंय ना! येतो म्हणजे निघतो. बरोबर म्हणालो होतो का? इथे मी सगळ्यांना शिकवलाय. आता आमच्या गटात घरी जाताना सगळे येतो म्हणतात!'

तिने ते दोनदा वाचलं. भाषांतराला कुठेच जागा नव्हती. संशयसुद्धा नव्हता, की तो आपल्या बाजूने घ्यावा.

'उच्चार बरोबर होता,' तिने लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. नवी तुकडी उतरत होती, नवे पाळकसाहेब छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणत होते आणि दुभाषी कुठाय म्हणून बघत होते. तिला उठवेना. ती सुरी हातात घेऊन नुसती बसून राहिली.

"बटाटे सोलून झाले?" मागून आवाज आला. ती गर्रकन वळली.

मावशी होती.

झाले नव्हते.