जिन्यातला घुमारा

आमच्या प्रयोगशाळेत एक मुकी खोली आहे. भिंतींना, छताला फोमचे सुळके. खालीही सुळकेच, आणि त्यांच्यावर ताणलेली तारेची जाळी. चालताना ती पायाखाली किंचित दबते, नवख्यांची तर तंतरते. इथे आवाज भिंतीला लागला की मेला. यंत्रांचे आवाज मोजण्यात माझी उभी हयात या खोलीत गेली. सुरुवातीला साहेब लोक हसायचे, "बाईमाणसाला ध्वनीचं शास्त्र कशाला शिकवायला हवं?" त्यांच्या नाकावर टिच्चून विभागप्रमुख झाले. नवरा मात्र म्हणायचा, "त्या खोलीशीच लग्न करायचं होतंस." आज निवृत्ती. चहाला घरी येते, आता कायमची, असा त्याला शब्द दिला होता.

काम संपलं की आत जाऊन एक टाळी वाजवायची, ही आमची रीत. काही परत आलं नाही म्हणजे खोली धडधाकट. शेवटची टाळी माझी, असा मी हट्टच धरला. मेकॅनिक बापूने बाहेरून दार लावलं.

टाळी वाजवली आणि ती परत आली.

मला आधी रागच आला. कुठला सुळका निखळला? सगळे जागच्या जागी. पुन्हा वाजवली. कडक सुरुवात, मग वर चढत जाणारा, शेवटी थरथरणारा घुमारा. अगं बाई, हा तर आमच्या घरच्या दगडी जिन्याचा! लग्न होऊन आले त्या दिवशी तिथे टाळी वाजवली होती, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही तर जिन्याशी बोलते!" तेव्हापासून घरी शिरताना रोज एक टाळी. ती ऐकून नवरा चहा टाकतो.

शहाणं माणूस पळालं असतं. मी मात्र घुमारा किती वेळ टिकतो ते मोजत बसले. तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मग वरून कुणीतरी विचारलं, "आलीस?"

आवाज नवऱ्याचा होता.

दोन्ही हातांनी दार बडवलं. बापूने उघडलं.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. खोली ठीक आहे," मी खोटंच बोलले. मला फक्त घरी जायचं होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. घराचा जिना दिसला तेव्हा जिवात जीव आला. टाळी वाजवली.

काहीच परत आलं नाही.

पुन्हा वाजवली. कानात फक्त माझंच रक्त सळसळत होतं.

वर कठड्याशी नवरा आला. हातात दोन कप. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. त्याने वाकून थेट माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ कानोसा घेतला आणि आत गेला.

त्याच्यामागे धावायला मी पाऊल उचललं. पहिली दगडी पायरी पायाखाली किंचित दबली.